एका रेषेचा साधक : प्रा. कावसजी नायगमवाला

(द्वितीय वर्ष, कला)

थोरामोठ्यांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यांत राजे आहेत, संत आहेत, समाजसुधारक आहेत, स्वातंत्र्यासाठी घरादारावर पाणी सोडलेले वीर आहेत. आपल्या सातारा-सांगलीच्या मातीला तर अशा माणसांची वाण कधीच पडली नाही. पण थंडीच्या रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसलेला एखादा प्राध्यापक आपल्या धड्यांत क्वचितच भेटतो. इतिहासाच्या सरांनी आम्हांला एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातल्या एका विद्वानावर प्रकल्प लिहायला सांगितला, तेव्हा वर्गातील बहुतेकांनी बाळशास्त्री जांभेकर घेतले, काहींनी केरूनाना छत्रे घेतले. मी यादी पाहायला गेले तोवर एकच नाव उरले होते : कावसजी दादाभाई नायगमवाला. ज्योतिर्विदांच्या जगात एके काळी नामवंत असलेले हे नाव मी तोपर्यंत ऐकलेही नव्हते. उरलेले म्हणून घेतलेले हे नाव पुढे वर्षभर माझ्या मनातून गेले नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडे माझ्याविषयी सांगते, कारण त्याचा या चरित्राशी संबंध आहे. माझे गाव कऱ्हाड तालुक्यात, कृष्णेच्या काठी. आमचे आबा हंगामात गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दहावीनंतर मी विज्ञान शाखेला नाव घातले होते. पण खासगी क्लासची फी परवडेना आणि क्लासवाचून निभाव लागेना. सहा महिन्यांत ती वाट सोडली आणि पुढे सांगलीला कला शाखेत आले. आणखी एक गोष्ट मनात सलत होती. मी सातवीत असताना आमच्या शाळेला कोणी दात्याने एक छोटी दुर्बीण दिली होती. तिच्यातून मी एकदा, फक्त एकदाच, चंद्र पाहिला. पुढे ती दाखवणाऱ्या गुरुजींची बदली झाली आणि दुर्बीण कपाटात गेली. कपाटाला कुलूप लागले ते लागलेच.

नायगमवालांचा जन्म १८५७ सालचा. ज्या वर्षी उत्तरेत उठावाचा वणवा पेटला होता, त्याच वर्षी मुंबईत विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठाने घडवलेल्या आरंभीच्या पिढ्यांपैकी हे एक. तरुणपणीच ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. त्या काळी युरोपात एक नवेच शास्त्र उदयाला आले होते. सूर्याचा किंवा ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाठवला की त्याचे रंग फाकतात, आणि त्या रंगपट्ट्यात बारीक बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी पडतात. म्हणजे ताऱ्यावर न जाता तो कशाचा बनला आहे हे सांगता येते. याला वर्णपटशास्त्र म्हणतात. नायगमवालांना या शास्त्राचे वेड लागले.

पण वेडाला पैसा लागतो, आणि सरकारी कॉलेजातल्या तरुण हिंदी अध्यापकाच्या हाती तो कुठून येणार? योग असा आला की १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी ५००० रुपये दिले. मुंबई सरकारनेही तेवढीच भर घातली. उपकरणे निवडण्यासाठी नायगमवाला १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथील जाणत्या ज्योतिर्विदांनी त्यांना सल्ला दिला की नुसती प्रयोगशाळा कशाला, खगोलाची वेधशाळाच उभारा. मुंबईच्या दमट हवेपेक्षा पुण्याचे आकाश अधिक चांगले. म्हणून १८८५ साली त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली, आणि १८८८ साली त्याच आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. शिवाजीनगरला आज जे अभियांत्रिकी विद्यापीठ आहे, तेच हे कॉलेज. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली मोठी परावर्तक दुर्बीण तेथे बसवण्यात आली. राजाचे दान, सरकारची जोड, परदेशची काच. या सगळ्यांची मोट बांधली ती एका एतद्देशीय प्राध्यापकाने.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येऊ. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्र उगवते. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या बाणाच्या थोडे दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, तो वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग आहे. आज आपल्याला माहीत आहे की तो आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे, आणि त्याच्या पोटात नवे तारे जन्म घेत आहेत. पण नायगमवालांच्या काळी हे ढग म्हणजे नेमके काय यावरच वाद होता. विल्यम हगिन्स या इंग्रज ज्योतिर्विदाने १८६४ साली अशाच एका तेजोमेघाच्या वर्णपटात सुट्या तेजस्वी रेषा पाहिल्या, आणि तेथे तारे नसून विरळ वायू आहे हे दाखवले. त्या रेषांपैकी सर्वांत ठळक अशी एक हिरवट रेषा मात्र पृथ्वीवरच्या कोणत्याच द्रव्याशी जुळेना.

या रेषेबद्दल नॉर्मन लॉकयर यांनी एक मत मांडले होते. लॉकयर म्हणजे त्या काळचे मोठे प्रस्थ. सूर्यावरच्या हेलियमच्या शोधाशी त्यांचे नाव जोडलेले, नेचर या नामांकित शास्त्रीय नियतकालिकाचे ते संस्थापक-संपादक. त्यांचे म्हणणे असे की तेजोमेघ हे उल्कांचे थवे आहेत, उल्का एकमेकींवर आदळून तापतात, आणि ती हिरवी रेषा म्हणजे त्यांतल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे. तसे असेल तर ती रेषा एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने पसरट, विरत गेलेली दिसायला हवी. तेव्हा प्रश्न अगदी साधा उरला : ती रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव आहे की एका बाजूने पसरट?

नायगमवालांनी पुण्याच्या दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पाहिला. त्यांना ती रेषा बारीक, दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. रंगपट्टा अधिक फाकवून पाहिला तरी ती तशीच राहिली. १८९१ साली त्यांचा हा निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध झाला. त्या सोसायटीचे ते फेलो होते. लॉकयर यांचे मत चुकीचे आहे असे म्हणणारे ते एकटेच नव्हते; हगिन्स होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कीलर होते. पण ते लोक आपापल्या देशात, आपापल्या नावाच्या बळावर बोलत होते. हा माणूस पारतंत्र्यातल्या देशातून, नव्याकोऱ्या वेधशाळेतून बोलत होता. लॉकयर यांच्यासारख्याशी मतभेद दाखवण्यात त्याचा लाभ काहीच नव्हता. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती रेषा कशाची आहे हे नायगमवालांना माहीत नव्हते. ती कशी दिसते, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्यांनी जेवढे पाहिले तेवढेच सांगितले. परीक्षेत चार ओळी येत असताना दोन पाने भरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे शिकण्यासारखे आहे.

त्यांच्या आयुष्यातला दुसरा मोठा प्रसंग २२ जानेवारी १८९८ चा. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते आणि सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्रात शिरणार होता. देशोदेशीचे ज्योतिर्विद त्यासाठी हिंदुस्थानात आले. लॉकयर विजयदुर्गला उतरले. लॉकयर यांनी हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लावला असे आपल्याकडे सांगितले जाते, ते मात्र बरोबर नाही. १८६८ साली ते इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते आले ते या १८९८ च्या ग्रहणासाठी. नायगमवालांनी पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे जेऊर हे ठिकाण निवडले. लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचाही तळ तेथेच होता. ते दिवस प्लेगचे. पुण्यात माणसे घरे सोडून माळावर राहत होती, आदल्याच वर्षी रँडचा वध झाला होता. अशा काळात नायगमवालांनी आपली उपकरणे जेऊरच्या माळावर मांडली, जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपले, आणि त्या कामाचा सविस्तर अहवाल १९०२ साली प्रसिद्ध केला.

नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर यांना जोडणारी रेघ मी पट्टी ठेवून ओढली, तेव्हा ती आमच्या कऱ्हाडला जवळजवळ चाटून गेली. म्हणजे त्या दुपारी कृष्णा-कोयनेच्या संगमावर, आमच्या शिवारावर भर दिवसा रात्र झाली होती, चांदण्या दिसल्या होत्या! आमच्या पणजोबांच्या वडिलांनी तेव्हा काय केले असेल? दारे लावून घेतली असतील, संगमावर स्नान केले असेल. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाला आमच्या आजीनेही आम्हां भावंडांना घरातच कोंडून ठेवले होते. मी आजीला दोष देत नाही; तिला कोणी दाखवलेच नाही तर ती काय करणार? पण एकाच सावलीत एका ठिकाणी माणसे डोळे मिटून बसली होती आणि शंभर-दीडशे किलोमीटरवर आपल्याच देशातला एक प्राध्यापक डोळे उघडे ठेवून उभा होता, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

यानंतरचा भाग दुःखाचा आहे. १८९९ साली दक्षिणेत कोडाईकनालला सरकारी सौर वेधशाळा सुरू झाली. पुण्याची वेधशाळा मात्र एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला गेली. त्यांतली २० इंची दुर्बीण पुढे भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली गेली आणि कित्येक दशके ती देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. पुण्यात मात्र त्यांच्या मागे त्या घुमटाखाली बसणारे कोणी उरले नाही. १९३८ साली नायगमवाला वारले.

हे वाचले तेव्हा मला आमच्या शाळेतले कुलूपबंद कपाट आठवले. एका गुरुजींची बदली झाली आणि दुर्बीण मुकी झाली. एक प्राध्यापक निवृत्त झाले आणि वेधशाळा मुकी झाली. काच तीच, आकाश तेच. माणूस गेला की सगळे संपते. मग त्यांनी केलेल्या कामाचे मोल काय, असा प्रश्न मला पडला. प्रकल्प तेथेच थांबला असता. पण भूगोलाच्या सरांनी मला पुढचे काही वाचायला दिले आणि त्या हिरव्या रेषेची पुढची गोष्ट कळली.

१९२७ साली बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते कोडे सोडवले. ती रेषा कोणा अज्ञात द्रव्याची नव्हतीच. ती आपण रोज श्वासातून घेतो त्या ऑक्सिजनची आहे. फक्त त्याच्या अणूंतून दोन-दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले आहेत. वायू अतिशय विरळ असेल तेव्हाच असा ऑक्सिजन तो हिरवा प्रकाश देतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत इतकी विरळ हवा मिळत नव्हती, म्हणून ती रेषा कोणाला ओळखू आली नाही. हा उलगडा झाला तेव्हा नायगमवाला सत्तर वर्षांचे होते.

गोष्ट येथेही संपत नाही. सप्तर्षींच्या जवळ एम ८२ नावाची एक दीर्घिका आहे, आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर. तिच्या मध्यभागी ताऱ्यांच्या जन्माचा नुसता सपाटा चालला आहे. आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट वेगाने तेथे तारे जन्मतात. १९६३ साली लिंड्स आणि सँडेज यांनी तिची छायाचित्रे काढली, तेव्हा तिच्या दोन्ही अंगांनी वर आणि खाली वायूचे लोट हजारो प्रकाशवर्षे दूरवर उसळताना दिसले. प्रथम त्यांना वाटले की मध्ये मोठा स्फोट झाला असावा. पुढे उमगले की हे काम नव्या ताऱ्यांचेच आहे. जे तारे फार मोठे जन्मतात ते फार तापट असतात. त्यांच्या प्रकाशाचा दाब, त्यांच्या अंगावरून सुटणारा वारा आणि शेवटी त्यांचा होणारा स्फोट, या सर्वांची ताकद एकवटते आणि भोवतीचा वायू आणि धूळ दीर्घिकेबाहेर फेकली जाते. सेकंदाला शेकडो किलोमीटर एवढा त्या लोटांचा वेग असतो.

मला हे समजले ते आमच्या गुऱ्हाळामुळे. चुलवाणात चिपाडांचा जाळ जेवढा जोरात, तेवढ्या वेगाने धुराड्यातून धूर आणि ठिणग्या वर उसळतात. अर्धवट जळलेले पाचटाचे तुकडेही त्या झोतात उडून जातात. म्हणजे जाळ आपलेच जळण बाहेर फेकतो! दीर्घिकेतही तसेच होते. नवे तारे ज्या वायूपासून व्हायचे, तोच वायू आधी जन्मलेले तारे उधळून लावतात. म्हणून ताऱ्यांच्या जन्माचा असा सपाटा फार काळ टिकत नाही. मात्र जे बाहेर जाते ते सगळेच वाया जात नाही. ताऱ्यांच्या पोटात घडलेला ऑक्सिजन, कार्बन, लोह या झोतांबरोबर दूरवर पसरतो. काही वायू गतीच्या जोरावर कायमचा निघून जातो, काही थंड होऊन पुन्हा दीर्घिकेत पडतो आणि नव्या ताऱ्यांच्या उपयोगी येतो.

हे झोत मोजायचे कसे? येथे पुन्हा नायगमवालांचा प्रश्न येतो. वायू स्थिर असेल तर ऑक्सिजनची ती हिरवी रेषा बारीक आणि रेखीव दिसते. वायू आपल्याकडे येत असेल तर ती निळ्याकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडे. आणि सर्व बाजूंनी उसळत असेल तर ती रुंदावते, तिला पसरट पाख्या फुटतात. रेषा रेखीव आहे की पसरट, हाच प्रश्न आजचे शास्त्रज्ञ दूरदूरच्या दीर्घिकांना विचारतात, आणि उत्तरावरून तेथील वाऱ्याचा वेग सांगतात. खुद्द मृगातल्या तेजोमेघातही असा वारा आहे. त्याच्या मध्यावरच्या एका तेजस्वी ताऱ्याने भोवतीचा वायू ढकलून एक पोकळ फुगा केला आहे, त्याचे कवच २६०० सूर्यांच्या वजनाचे आहे आणि ते सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने फुगत आहे, असे २०१९ साली विमानातल्या दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांनी दाखवले. दीर्घिकेत जे अवाढव्य प्रमाणावर घडते त्याचा हा जवळचा, लहान नमुना. नायगमवालांनी रात्र रात्र पाहिलेला तेजोमेघ तो हाच.

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. पुण्याची ती वेधशाळा १८८८ साली उभी राहिली, आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, त्याच पुण्यात गणेशखिंडीला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तेथे आता एका माणसाच्या मागे दहा माणसे आहेत, त्यांच्या मागे विद्यार्थी आहेत. कोणी निवृत्त झाले म्हणून घुमटाला कुलूप लागत नाही. नायगमवालांना जे मिळाले नाही ते हे. त्यांच्या मागे कोणी नव्हते. आमच्या घरात माझ्या पुढे कोणी नव्हते. म्हणूनच की काय, हा परका माणूस मला आपला वाटू लागला.

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेले तेव्हा शाळेत गेले आणि त्या दुर्बिणीची चौकशी केली. किल्ली सापडायला दोन दिवस लागले. भिंगाला बुरशी आली होती, तिकाटण्याचा एक पाय सैल झाला होता. नव्या विज्ञानाच्या बाईंनी आणि मी मिळून ती साफ केली. पाय आबांनी तारेने आवळून दिला. जानेवारीत एका रात्री शाळेच्या पटांगणात आम्ही ती मृगाकडे वळवली. फार काही दिसले नाही. भुऱ्या कापसाचा एक पुंजका, त्यात चार बारीक ठिपके. आबांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले की लांबच्या माळावरून रात्रीचे गुऱ्हाळ असेच दिसते, आधी धूर उजळलेला दिसतो आणि मग त्यातला जाळ. आबा चौथी शिकलेले आहेत. मला जे समजायला वर्ष लागले ते त्यांनी एका नजरेत सांगितले.

त्यांनी नंतर विचारले की तू सांगलीला परत गेल्यावर हे कोण दाखवणार. प्रश्न रास्त होता. म्हणून बाईंनी आठवीतल्या चार मुलींची नावे एका वहीत लिहिली, आणि किल्ली कोणाकडे आहे याची नोंद त्याच वहीत ठेवायची असे ठरले. चार म्हणजे, एक गेली तरी तीन राहतील. प्रा. नायगमवालांना माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थिनीने दुसरी कोणती आदरांजली वाहावी? परवा बाईंचा निरोप आला की वहीचे दुसरे पान सुरू झाले आहे.